सुपातला दाणा, जात्यातला दाणा : संत इग्नेशियस यांच्या रोमकरांस पत्रातील प्रतिमासृष्टी

नव्या करारातील सत्तावीस पुस्तकांपैकी एकवीस पुस्तके पत्ररूप आहेत, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे नवल वाटेनासे झाले आहे. ख्रिस्ती वाङ्मयाचा ओघ तत्त्वचर्चेच्या ग्रंथांतून वाहू लागण्यापूर्वी तो पत्रांतून वाहिला. दूरदूर विखुरलेल्या लहान लहान मंडळ्या, त्यांच्यामध्ये ये-जा करणारे व्यापारी व सेवक, आणि त्यांच्या हाती दिलेला पापिरसचा एखादा गुंडाळा : एवढ्या सामग्रीवर आद्य ख्रिस्तसभेचे दळणवळण चालत होते. पत्र पोहोचले की ते सभेत मोठ्याने वाचले जाई. म्हणजे ही पत्रे मुळात डोळ्यांसाठी नव्हेत, कानांसाठी लिहिली गेली. प्रेषितांच्या पश्चातही हा परिपाठ चालू राहिला. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या मंडळीने करिंथकरांना लिहिलेले, संत क्लेमेंट यांच्या नावाने ओळखले जाणारे पत्र आणि त्यानंतरची अंत्युखियाचे बिशप संत इग्नेशियस यांची सात पत्रे ही त्या परंपरेतील ठळक उदाहरणे होत. या सातांपैकी रोमकरांस लिहिलेल्या एका पत्राचाच विचार आम्ही येथे करणार आहोत.

इग्नेशियस म्हटले की आपल्या बहुतेक वाचकांपुढे लोयोलाचे संत उभे राहतात. ते सोळाव्या शतकातले; हे त्यांच्या चौदाशे वर्षे आधीचे. सिरियातील अंत्युखिया येथे ख्रिस्ती म्हणून ते पकडले गेले आणि रोमच्या रिंगणात श्वापदांच्या तोंडी देण्यासाठी दहा शिपायांच्या पहाऱ्यात आशिया प्रांतातून नेले जाऊ लागले. वाटेत स्मुर्णा येथे मुक्काम पडला. तेथून त्यांनी इफिस, मॅग्नेशिया, त्राल्लेस आणि रोम येथील मंडळ्यांना पत्रे लिहिली. पुढे त्रोवस बंदरातून फिलदेल्फिया व स्मुर्णा येथील मंडळ्यांना आणि स्मुर्णाचे तरुण बिशप पॉलिकार्प यांना आणखी तीन पत्रे गेली. इतिहासकार युसेबियस हा प्रसंग सम्राट त्राजान याच्या कारकिर्दीत, म्हणजे इ.स. ९८ ते ११७ या काळात घालतो. काही अभ्यासक तो बराच अलीकडे ओढतात. सातांपैकी केवळ रोमकरांच्या पत्रावर तारीख आहे : आपल्या कालगणनेने २४ ऑगस्ट. दिवस कळतो, साल कळत नाही.

या पत्रांच्या हस्तलिखितांची कथा मोठी आहे; ती येथे विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. चौथ्या शतकाच्या सुमारास कोणी तरी मूळ मजकुरात भर घातली आणि काही पत्रे नव्याने रचून जोडली. ही भेसळ निवडून काढण्याचे काम सतराव्या शतकात झाले. आयर्लंडमधील अँग्लिकन आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६४४ साली, आयझॅक व्हॉस यांनी १६४६ साली आणि रोमकरांच्या पत्रापुरते बेनेडिक्टाईन संन्यासी थिएरी रुइनार यांनी १६८९ साली मूळ पाठ पुढे आणला. १८८५ साली बिशप लाइटफुट यांनी सात पत्रांच्या अस्सलपणाची बाजू इतक्या भक्कमपणे मांडली की पुढे आक्षेप निघत राहिले तरी बहुसंख्य विद्वान आजही तिच्याच आधारे चालतात. बिशपपदाचा एवढा आग्रह धरणारी ही पत्रे खोटी ठरावीत, असे अनेक प्रोटेस्टंट पंडितांना वाटत होते. ती खरी ठरवण्यात मात्र अशर आणि लाइटफुट या दोन अँग्लिकन बिशपांचा वाटा मोठा आहे, याची नोंद आपण कृतज्ञतेने घेतली पाहिजे.

आता पत्राकडे वळू. त्यातील विनंती एकच आहे आणि ती विलक्षण आहे : मला वाचवू नका. रोमच्या मंडळीत काही वजनदार माणसे असावीत. त्यांनी शब्द टाकला तर आपली शिक्षा टळेल अशी धास्ती इग्नेशियस यांना वाटते, आणि ती टळू नये म्हणून ते विनवण्या करतात.

असे पत्र वाचताना आजचा वाचक दोन टोकांना जातो, असे आम्हांला दिसते. भाविक वाचक ‘संतांचे धैर्य’ एवढे म्हणून पुढे सरकतो. शिकलेला तरुण वाचक कपाळाला आठी घालून ही मरणाची ओढ म्हणजे एक मानसिक विकारच आहे असे ठरवून टाकतो. धर्मग्रामात काम करणाऱ्याला तिसरी एक अडचण भेडसावते. दारुड्या नवऱ्याचा मार खाणाऱ्या स्त्रीला ‘क्रूस वाहा’ असे सांगणारे उपदेशक आपल्यात होते, अजूनही आहेत. आणि रक्तसाक्ष्यांची भाषा अशा वेळी त्यांच्या फार सोयीची ठरते. दुःख सोसणे हेच देवाला प्रिय आहे, असे इग्नेशियस खरोखर म्हणतात काय? या प्रश्नाचे उत्तर पत्रातील विधानांपेक्षा त्यातील प्रतिमांत सापडते, असे आमचे मत आहे. कारण हे पत्र युक्तिवादाने चालत नाही, ते प्रतिमांनी चालते. आणि त्या सगळ्या प्रतिमा एकाच दिशेला तोंड करून उभ्या आहेत.

पहिली प्रतिमा आवाजाची आहे. तुम्ही माझ्याविषयी गप्प राहिलात तर मी देवाचा शब्द होईन. माझ्या देहावर माया केलीत तर पुन्हा नुसता ध्वनी उरेन, अशा आशयाचे ते लिहितात. ग्रीकमध्ये ‘लोगोस’ आणि ‘फोने’ असा हा भेद आहे. मराठी वाचकाला तो समजावून सांगावा लागत नाही. घंटेचा नाद वेगळा, बोललेला शब्द वेगळा. पहिला कानावर पडतो, दुसरा कोणाला तरी काही सांगतो. विशेष हे की, हा शब्द उच्चारला जाण्यासाठी रोमकरांचे मौन लागते. एकाने गप्प राहावे तेव्हा दुसऱ्याचे जीवन बोलू लागते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या प्रारंभी ‘लोगोस’ हे नाव कोणाला दिले आहे हे आठवले, म्हणजे या वाक्यातील धाडस ध्यानात येईल. स्वतःला ख्रिस्त म्हणवून घेण्याचे हे धाडस नव्हे. ख्रिस्ताच्या जीवनात आपला अर्थ लागावा, अशी ही मागणी आहे.

लगेच दुसरे चित्र येते. वेदी तयार आहे, तिच्यावर पेयार्पण ओतले जायचे आहे, भोवती रोमकरांनी प्रेमाने एक गायकवृंद होऊन पित्याचे स्तवन करायचे आहे. आणि स्तवन कशासाठी? तर सिरियाच्या बिशपाला देवाने उगवतीकडून बोलावून मावळतीला आणले म्हणून. सिरिया पूर्वेला, रोम पश्चिमेला. बेड्या घातलेल्या माणसाचा प्रवास आणि सूर्याचा प्रवास एकच झाला. जगाच्या दृष्टीने मावळायचे ते देवाकडे उगवण्यासाठी. मराठीत आपण थोर माणसाचा ‘अस्त झाला’ असे म्हणतो, आणि त्या शब्दावर थांबतो. इग्नेशियस त्या शब्दावर थांबत नाहीत. सरकारी हुकमाने फरफटत नेले जाणे हेच त्यांच्या लेखी सूर्याचे मार्गक्रमण आहे; भूगोलाचा इतका काव्यमय उपयोग आद्य ख्रिस्ती गद्यात आम्हांला दुसरीकडे आढळलेला नाही.

यानंतर ती सुप्रसिद्ध प्रतिमा येते. आपण देवाचा गहू आहोत, श्वापदांच्या दातांनी दळले जाऊन ख्रिस्ताची निर्मळ भाकर ठरणार आहोत, असे ते म्हणतात. येथे मराठी अनुवादकाची पंचाईत होते ती आधी सांगू. आपल्या बायबलमध्ये ‘भाकर’ हा शब्द रुळला आहे; परंतु भाकर ज्वारीची, बाजरीची, नाहीतर तांदळाची. गव्हाची होते ती पोळी किंवा पाव, आणि वेदीवर असते ती ओस्ती. ‘गव्हाची भाकर’ म्हणताच घरातली गृहिणी हसेल. तरीही ‘भाकर’ हाच शब्द ठेवावा असे आम्ही म्हणू, कारण प्रभूच्या प्रार्थनेत रोज मागितली जाते ती भाकर आणि वेदीवरची भाकर यांचा सांधा त्याच शब्दाने जुळतो. ‘दळणे’ या क्रियापदाच्या बाबतीत मात्र मराठीचे भाग्य थोर आहे. जाते, खुंटा, घास, पीठ, पहाटेच्या ओव्या हे सारे त्या एका शब्दाबरोबर वाचकाच्या मनात जागे होते. श्वापदाचे वरचे आणि खालचे दात म्हणजे जात्याच्या दोन तळ्या, हे आपल्याला चटकन दिसते.

या प्रतिमेची तुलना प्रभूच्या शब्दांशी करण्यासारखी आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात गव्हाचा दाणा जमिनीत पडून मरतो आणि पुष्कळ पीक देतो. ती शेतातली प्रतिमा आहे. इग्नेशियस यांची प्रतिमा जात्यावरची आहे. पेरलेला दाणा उगवतो, वाढतो, अनेकपट होतो. दळलेल्या दाण्याला उगवण्याची आशा नाही. त्याचे पीठ होते, पिठाची भाकर होते आणि ती दुसऱ्याने खायची असते. म्हणजे प्रभूची प्रतिमा त्यांनी नुसती उचलली नाही, तिला शेतातून वेदीपर्यंत आणले. स्वतःच्या मरणातून आपल्याला काय मिळणार, या प्रश्नापेक्षा ते मरण कोणाचे अन्न होणार, हा प्रश्न येथे मोठा झाला आहे. मरणाची नुसती ओढ असलेल्या माणसाला भाकरीची प्रतिमा सुचणार नाही. त्याला अंधार सुचेल, झोप सुचेल, विसावा सुचेल. इग्नेशियस यांना मिस्साबली सुचतो. याच सुमाराच्या ‘दिदखे’ या छोट्या ग्रंथात डोंगरांवर विखुरलेले धान्य एकत्र येऊन एक भाकर होते, अशी प्रभुभोजनाची प्रार्थना आहे. दोन्हींचे नाते उघड आहे. पुढे दुसऱ्या शतकातच संत इरेनियस यांनी इग्नेशियस यांचे हे गव्हाचे वाक्य, त्यांचे नाव न घेता, ‘आपल्यांपैकी एकाचे’ म्हणून उद्धृत केले.

‘जात्यातले रडतात, सुपातले हसतात’ अशी आपल्याकडे म्हण आहे. तिच्यात माणसाच्या स्वभावाचे कडवट ज्ञान आहे : दुसऱ्याची पाळी पाहून हसणाऱ्याला आपलीही पाळी येणार याचे भान नसते. या पत्रात ही म्हण उलटी फिरते. सुपातले रोमकर हळहळत आहेत आणि जात्याच्या वाटेवरचा दाणा त्यांची समजूत घालतो आहे.

इथवर प्रतिमेचा तोल ढळलेला नाही. पुढच्या काही ओळींत तो ढळतो, हे प्रांजळपणे म्हटले पाहिजे. श्वापदांना चुचकारा, त्यांनी माझी कबर व्हावे, देहाचे काही मागे ठेवू नये. ती पुढे आलीच नाहीत तर मीच त्यांना भाग पाडीन, अशा अर्थाचे लिहिताना लेखणीवरचा ताबा सुटल्यासारखा वाटतो. त्यातही एक हळवी जागा आहे. आपल्या मागे कोणाला ओझे होऊ नये, प्रेत उचलण्याची यातायात कोणावर पडू नये, असे कारण ते देतात. श्वापदापुढे निघालेला माणूस पुरणाऱ्यांच्या त्रासाची काळजी करतो. तरीही श्वापदांवर जबरदस्ती करण्याची भाषा अनुकरणीय नाही. आणि हा निर्णय आमचा एकट्याचा नाही, तो ख्रिस्तसभेचाच आहे.

त्याचा पुरावा इग्नेशियस यांचे स्नेही पॉलिकार्प यांच्याच चरित्रात मिळतो. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात वृद्ध पॉलिकार्प यांना स्मुर्णा येथे जाळण्यात आले. त्या घटनेचा वृत्तान्त स्मुर्णाच्या मंडळीने पत्रानेच कळवला आहे. त्यात फ्रुगियाहून आलेल्या क्विंतस नावाच्या माणसाची हकिकत येते. तो आपण होऊन पुढे झाला, इतरांनाही त्याने पुढे ढकलले, आणि श्वापदे दिसताच त्याचा धीर खचून त्याने देवतांना धूप जाळला. स्वतःहून स्वाधीन होणाऱ्यांची आपण प्रशंसा करीत नाही, असा स्पष्ट शेरा मंडळीने त्यावर मारला आहे. पॉलिकार्प स्वतः मित्रांच्या आग्रहावरून शहराबाहेर मळ्यात जाऊन राहिले होते. पकडले गेल्यावर मात्र डगमगले नाहीत. आणि त्याच वृत्तान्तात ज्वाळांमधला त्यांचा देह जळणाऱ्या मांसासारखा नव्हे, तर भट्टीत भाजल्या जाणाऱ्या भाकरीसारखा दिसला, असे वर्णन आहे. इग्नेशियस यांनी गहू जात्यावर घातला. पॉलिकार्प यांच्या मंडळीने ती भाकर भाजून काढली. प्रतिमा स्वीकारली आणि अतिरेक गाळला. समीक्षा करावी ती अशी!

पत्रात वास्तवाचे भानही आहे. सिरियापासून रोमपर्यंत आपली श्वापदांशी झुंज चालूच आहे, जमिनीवर आणि समुद्रावर, रात्री आणि दिवसा. आपण दहा बिबट्यांना बांधलेले आहोत, असे ते लिहितात. बिबटे म्हणजे पहारेकरी शिपाई. त्यांच्याशी चांगले वागावे तो ते अधिकच वाईट वागतात, असा टोमणाही आहे. मंडळ्यांकडून चिरीमिरी खाऊनही ते अरेरावी करीत असावेत, असा याचा अर्थ बहुतेक भाष्यकार लावतात. पोलीस कोठडीचा अनुभव असलेल्यांना हे वाक्य दोन हजार वर्षे जुने वाटणार नाही. दुःख गोड आहे असे या ओळींत कोठेही नाही. जुलमाला जुलूमच म्हटले आहे. त्यातून आपण शिष्य व्हायला शिकतो आहोत, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

पत्राचा कळस, आमच्या मते, गव्हात नसून त्यापुढच्या प्रसववेदनांच्या प्रतिमेत आहे. जन्माच्या कळा सुरू झाल्या आहेत. मला जगण्यापासून अडवू नका, मी मरावे अशी इच्छा धरू नका, असे ते विनवतात. जगणे आणि मरणे या शब्दांची येथे अदलाबदल झाली आहे. शिक्षा टळणे हे मरण, शिक्षा होणे हे जीवन. आणि मग ते म्हणतात की त्या निर्मळ प्रकाशात पोहोचल्यावर मी माणूस होईन. देवदूत नव्हे, आत्मा नव्हे, माणूस. मनुष्यत्व टाकून पळणाऱ्याचे हे शब्द असू शकत नाहीत. याच पत्रात दिसणारे काहीच चांगले नसते, असेही एक विधान आहे आणि ते या शब्दांशी सहजी जुळत नाही. ही ओढाताण आहे, ती आम्ही झाकू इच्छित नाही. पण स्मुर्णाकरांस लिहिताना त्यांनी दिलेला युक्तिवाद येथे उपयोगी पडतो. ख्रिस्ताने केवळ देहाचा आभास धारण केला होता, असे शिकवणारे काही जण त्या वेळी होते. प्रभूचे दुःखभोग जर आभास असतील तर माझ्या या बेड्यांना काय अर्थ, असा इग्नेशियस यांचा सवाल आहे. दात, पीठ, रक्त, कळा या प्रतिमा इतक्या देहमय का, याचे उत्तर त्यात आहे. ज्याचा देव खरोखर देहधारी झाला, त्याची भाषाही देहाचीच असणार.

एका शब्दावर मात्र अनुवादकाला निवड करावीच लागते. आपला ‘एरोस’ क्रुसावर खिळला गेला आहे, असे सातव्या प्रकरणात येते. ऑरिजेन यांनी येथे एरोस म्हणजे खुद्द प्रियतम ख्रिस्त, असा अर्थ घेतला. आजचे बहुतेक अभ्यासक ऐहिक वासना क्रुसावर गेली, असा घेतात. मराठीत ‘काम’ म्हटले की दुसरा अर्थ पक्का होतो, ‘प्रीती’ म्हटले की पहिला. लगोलग भौतिकाच्या लालसेचा अग्नी विझल्याचे आणि आत झुळझुळत पित्याकडे ये म्हणणाऱ्या जिवंत पाण्याचे वर्णन असल्यामुळे आमचा कौल ‘काम’ या शब्दाला आहे. आग आणि पाणी असे हे द्वंद्व आहे. ऑरिजेन यांचा अर्थ सुंदर असला तरी त्याने ते बिघडते.

आता वर उपस्थित केलेल्या तिसऱ्या अडचणीकडे येऊ. या संपूर्ण पत्रात इग्नेशियस यांनी मरणाची मागणी केवळ स्वतःसाठी केली आहे. पेत्र आणि पौल यांच्याप्रमाणे आपण आज्ञा करीत नाही, ते प्रेषित होते आणि आपण कैदी आहोत, असे ते रोमकरांना सांगतात. दुसऱ्याला जात्यात घालण्याचा अधिकार ते कोणालाही देत नाहीत. उलट पॉलिकार्प यांना ते बजावतात की विधवांची आबाळ होऊ देऊ नका, दास-दासींना तुच्छ लेखू नका. आणि स्मुर्णाकरांना सांगतात की ज्यांना विधवेची, अनाथाची, बंदिवानाची, भुकेल्याची पर्वा नाही त्यांची शिकवण खोटी समजा. स्वतःसाठी जाते मागणारा हा माणूस दुसऱ्यांसाठी भाकर मागतो. मार खाणाऱ्या स्त्रीला हे पत्र वाचून दाखवणाऱ्या उपदेशकाने ही बाकीची पत्रे उघडलेलीच नसतात.

पत्राच्या मायन्यात रोमच्या मंडळीला प्रेमात अग्रस्थानी असलेली असे म्हटले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानात हे शब्द आधाराला घेतले, आणि १३ मार्च २०१३ रोजी निवड झाली त्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस यांनी सज्जातून त्यांचा पुनरुच्चार केला. अधिकाराची चर्चा करताना या शब्दांचे बरेच ताणाताणीचे अर्थ लावले गेले आहेत. पण ज्या पत्राच्या आरंभी ते येतात त्याच पत्रात रोमकरांचे प्रेम आपल्याला इजा करील अशी भीती व्यक्त झाली आहे, हे कोणी फारसे लक्षात घेत नाही.

अखेरीस ते सिरियातील आपल्या मंडळीसाठी प्रार्थना मागतात. माझ्या जागी आता तिचा मेंढपाळ देव आहे, असे म्हणतात. पुढे त्रोवस येथे त्यांना अंत्युखियात शांतता झाल्याचे वर्तमान कळले, हे शेवटच्या तीन पत्रांवरून दिसते. तेथून त्यांना फिलिप्पैमार्गे नेण्यात आले. पॉलिकार्प यांनी त्यानंतर फिलिप्पैकरांना पत्र लिहिले. इग्नेशियस यांची आमच्याकडे असलेली पत्रे सोबत पाठवीत आहोत, असे त्यात आहे. आणि इग्नेशियस व त्यांच्याबरोबरची माणसे यांच्याविषयी काही खात्रीलायक समजले असेल तर आम्हांला कळवा, अशी विनंती आहे. त्या विनंतीला फिलिप्पैकरांनी दिलेले उत्तर उपलब्ध नाही.